मैदान आखणारे हात आणि मैदानाचे फाटक

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला ‘माझा आवडता खेळ’ हा नेहमीचाच निबंध दिला होता. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल यांच्या ढिगात एक वही वेगळी निघाली. त्या मुलाने गोल्फवर लिहिले होते. त्याचे मामू शहराबाहेरच्या एका गोल्फच्या मैदानावर माळीकाम करतात. सुट्टीत तो त्यांच्यासोबत गेला होता. तिथले गवत इतके बारीक कापतात की त्यापुढे आमच्या घरची सतरंजी जाड वाटेल, असे त्याने लिहिले होते. निबंध संपवताना त्याने मलाच एक सवाल टाकला होता, “सर, हे मैदान बनवतो कोण? आणि जो बनवतो त्याला तिथे खेळू देतात का?”

शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून मी सही केली, वही परत दिली. सवालाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते. मी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, धरायची शक्यताही कमी. पण शिक्षकाला विद्यार्थ्याचा सवाल टोचत राहतो. म्हणून वाचायला बसलो आणि जे सापडले ते निव्वळ खेळाच्या इतिहासात मावणारे नव्हते. त्यात जमीन होती, कायदा होता, मजुरी होती आणि एक फाटकही होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घेऊ. क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही २२ यार्डांचीच असते. कबड्डीचे, टेनिसचे, हॉकीचे मैदान मापात बसलेले असते. गोल्फचे तसे नाही. १८ होल असतात, प्रत्येक होलाजवळ बारीक गवताचा एक ‘ग्रीन’ असतो, वाटेत ‘बंकर’ म्हणजे वाळूचे खड्डे असतात. पण होल किती लांब असावा, वाट कुठे वळावी, खड्डा कुठे खणावा, पाणी कुठे आडवे यावे, याला पक्के माप नाही. टेकडी, ओढा, झाड, वारा हे सगळे खेळाचाच भाग असतात. म्हणून या खेळाला घर बांधणाऱ्यासारखा आखणारा लागतो. त्याला गोल्फ आर्किटेक्ट म्हणतात. जगातले हौशी खेळाडू ज्या मैदानांची स्वप्ने पाहतात, त्या मैदानांसोबत या आखणाऱ्यांची नावेही घेतात. आपण ताजमहाल म्हणताना उस्ताद अहमद लाहोरीचे नाव घेतो, तसेच.

ज्याला आर्किटेक्टच नव्हता

गंमत अशी की सगळ्यात जास्त स्वप्नात येणारे मैदान कोणी एकाने आखलेलेच नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे छोटे शहर आहे. समुद्र आणि शेती यांच्यामध्ये तिथे वाळूची, उंचसखल, पिकाला निरुपयोगी अशी पट्टी आहे. स्कॉटलंडमध्ये अशा जमिनीला ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे मेंढ्या चरत, ससे बिळे करत, लोक कपडे वाळत घालत आणि गोल्फ खेळत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी अंग घासून घासून केलेल्या खड्ड्यांचेच पुढे बंकर झाले, असे सांगितले जाते. आज ज्याला ‘ओल्ड कोर्स’ म्हणतात, त्याचे रूप असे शेकडो वर्षांत घडले.

१४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉलवर बंदी घातली होती, कारण तरुण पोरे धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसत. बंदी घालावी लागली म्हणजे खेळ किती फोफावला होता ते कळते. त्यानंतर १५५२ मध्ये सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या एका सनदेत, शहरातल्या लोकांना या जमिनीवर गोल्फ खेळण्याचा हक्क आहे हे मान्य केले गेले. सनदेत सशांचाही उल्लेख आहे. आपल्याकडे गायरानाचा हक्क असतो ना, तसाच हा प्रकार समजा. जमीन गावाची, वापर सगळ्यांचा.

पण गायरानावर जे संकट येते, ते इथेही आले. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या शहराने ही जमीन विकली आणि ती सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातात गेली. सशांनी मैदान पोखरून काढले. गोल्फ खेळणारे आणि ससे पाळणारे यांच्यात वर्षानुवर्षे भांडण आणि कोर्टकचेरी चालली. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेतली, तेव्हा खेळ वाचला. पुढे १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि जमीन पुन्हा शहराच्या ताब्यात आली. १९७४ च्या कायद्याने तिची देखभाल एका सार्वजनिक न्यासाकडे सोपवली.

म्हणून आजही ओल्ड कोर्स कुठल्या क्लबाच्या मालकीचा नाही. ठरलेली फी भरून आणि आपल्या खेळाचा दाखला दाखवून बाहेरचा माणूसही तिथे खेळू शकतो. मागणी फार असल्यामुळे नावांची सोडत काढतात. जपानमधला कारकून आणि अमेरिकेतला कोट्यधीश एकाच सोडतीत असतात. रविवारी मैदान खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावातले लोक तिथे फिरायला येतात, कुत्री पळतात, मुले बागडतात. काही मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर हा रिवाज कायम आहे.

विणकराच्या घरातला टॉम

याच गावात १८२१ मध्ये टॉम मॉरिस जन्मले. वडील विणकाम करायचे. टॉम लहान वयात अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्या हाताखाली शागीर्द म्हणून लागले. तेव्हा गोल्फचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसे. बनवायला वेळ लागे आणि महागही पडे. पुढे गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू आले. उस्तादाला वाटले आपला धंदा बुडणार. शागीर्दाला वाटले हेच पुढे चालणार. दोघांचे बिनसले आणि १८५१ मध्ये टॉम प्रेस्टविक या दुसऱ्या गावी गेले. तिथे त्यांनी १२ होलांचे मैदान आखले आणि त्याच मैदानावर १८६० मध्ये पहिली ओपन स्पर्धा भरली. टॉमने ती पुढे चार वेळा जिंकली, त्यांच्या मुलानेही चार वेळा जिंकली. १८७५ च्या ख्रिसमसला हा तरुण मुलगा वारला. त्याची बायको काही महिने आधीच बाळंतपणात गेली होती. बाप त्यानंतर ३० पेक्षा जास्त वर्षे जगला.

१८६४ मध्ये टॉम सेंट अँड्र्यूजला मैदानाचे रखवालदार म्हणून परत आले. गवताला वाळू घालणे, ग्रीन रुंद करणे, बंकरांना आकार देणे ही त्यांची कामे. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे मामू जे करतात तेच. त्याच वेळी गावोगावहून त्यांना मैदान आखून द्यायला बोलावणी येऊ लागली. मजुरी होती दिवसाला १ पौंड आणि प्रवासखर्च. ते जमिनीवर चालत फिरत, जिथे ग्रीन शोभेल तिथे खूण करत आणि निघत. आयर्लंडमधले रॉयल काउंटी डाउन, लाहिंच, स्कॉटलंडमधले म्युअरफिल्ड अशा मैदानांच्या सुरुवातीच्या आखणीत त्यांचा हात आहे. म्हणजे जगातला पहिला नामांकित गोल्फ आर्किटेक्ट हा मुळात माळी होता, कारागीर होता आणि अव्वल खेळाडूही होता. बनवणारा आणि खेळणारा एकच माणूस.

हे नंतर तुटले. कसे तुटले ते पुढे पाहू.

युद्धातून आलेला डॉक्टर

अ‍ॅलिस्टर मॅकेंझी हे नाव गोल्फवेड्यांमध्ये अदबीने घेतले जाते. जन्म १८७० चा, इंग्लंडमधला, आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. केंब्रिजला वैद्यकी शिकले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सैन्यासोबत सर्जन म्हणून गेले. तिथे त्यांनी पाहिले की मूठभर बोअर सैनिक टेकडी, झुडूप आणि खंदक असे वापरतात की समोरच्याला काही दिसतच नाही. हे छद्मावरणाचे शास्त्र त्यांच्या डोक्यात बसले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याला तेच शिकवले. मैदान आखतानाही ते हेच शास्त्र उलट्या बाजूने वापरत. माणसाने केलेला खड्डा निसर्गानेच केला आहे असे वाटले पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

डॉक्टरकी सोडून ते या धंद्यात आले. १९२० मध्ये त्यांनी गोल्फच्या आखणीवर पुस्तक लिहिले आणि त्यात १३ तत्त्वे मांडली. मला त्यातली काही शिक्षक म्हणून आवडली. चेंडू शोधण्यात खेळणाऱ्याचा जीव जाऊ नये. चढ असावेत, पण डोंगर चढल्यासारखी दमछाक नको. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे कच्च्या खेळाडूलाही मजा आली पाहिजे. पक्क्याने धाडस करून खड्ड्यावरून चेंडू मारावा, कच्च्याने लांबच्या वाटेने सुखरूप जावे. वाट दोघांना असावी. वर्गात ६० मुले घेऊन बसणाऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मॅकेंझी यांनी सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे इंच इंच मोजून १९२४ मध्ये नकाशा काढला. तोच त्यांचा मदरसा. १९२६ मध्ये ते ऑस्ट्रेलियात गेले आणि रॉयल मेलबर्नचे मैदान आखून दिले. ते प्रत्यक्षात उतरवले अ‍ॅलेक्स रसेल आणि मैदानाचे रखवालदार मिक मॉरकम यांनी. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सायप्रस पॉइंट खुले झाले. तिथला १६ वा होल प्रशांत महासागराच्या आखातावरून मारायचा असतो. खाली खडक, लाटा, समोर इवलासा हिरवा तुकडा. जगभरचे हौशी खेळाडू या एका फटक्याचे फोटो भिंतीवर लावतात. इथे मारता येईल का अशी शंका निघाली, तेव्हा मॅरियन हॉलिन्स या बाईंनी चेंडू ठेवून पलीकडे मारून दाखवला, असा किस्सा सांगितला जातो. हॉलिन्स १९२१ च्या अमेरिकन महिला विजेत्या होत्या आणि हा प्रकल्प उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९२९ मध्ये त्या काळचे सर्वात मोठे हौशी खेळाडू बॉबी जोन्स कॅलिफोर्नियात आले. स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले, त्यामुळे हाती मोकळे दिवस आले. त्यात त्यांनी मॅकेंझी यांची मैदाने पाहिली आणि ते भारावले. जोन्स यांना जॉर्जिया राज्यात स्वतःचे मैदान करायचे होते. ऑगस्टा शहराजवळ ३६५ एकरांची एक जुनी फळाफुलांची रोपवाटिका विकत घेण्यात आली आणि आखणीचे काम मॅकेंझी यांना मिळाले. आज तिथल्या प्रत्येक होलाला एखाद्या झाडाचे किंवा फुलाचे नाव आहे, ती त्या रोपवाटिकेचीच आठवण.

पण तो महामंदीचा काळ होता. क्लबाकडे पैसा नव्हता. मॅकेंझी यांचे मानधन कमी करण्यात आले आणि ठरलेले पैसेही पूर्ण मिळाले नाहीत. हातात कामे नव्हती. उधारी मागणारी पत्रे लिहिण्याची वेळ या माणसावर आली. ६ जानेवारी १९३४ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचा इंतकाल झाला. दोनच महिन्यांनी ऑगस्टावर पहिली स्पर्धा भरली, जिला जग आता ‘मास्टर्स’ म्हणून ओळखते. पूर्ण तयार झालेले ते मैदान मॅकेंझी यांनी पाहिलेच नाही.

फाटक

आता विद्यार्थ्याच्या दुसऱ्या सवालाकडे येतो. बनवणाऱ्याला खेळू देतात का?

ऑगस्टा हा खासगी क्लब आहे. तिथे अर्ज करून सभासद होता येत नाही, बोलावणे यावे लागते. दूरदर्शनवर दर एप्रिलला जग ते मैदान पाहते, पण खेळायला जायचे तर सभासदाचा पाहुणाच व्हावे लागते. आणि या फाटकाला नुसते पैशाचे कुलूप नव्हते. कितीतरी वर्षे तिथे खेळाडूंची पिशवी उचलणारे कॅडी काळे असत आणि खेळणारे गोरे. मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ मध्ये. क्लबात पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आला, पहिल्या दोन महिला सभासद २०१२ मध्ये. महासागरावरचे ते सुंदर सायप्रस पॉइंट तरी वेगळे होते का? १९९० मध्ये व्यावसायिक गोल्फच्या संघटनेने नियम केला की सभासदत्वात भेदभाव करणाऱ्या क्लबात स्पर्धा होणार नाहीत. तेव्हा सायप्रस पॉइंट त्या स्पर्धेतून बाहेर पडले. कच्च्या खेळाडूलाही वाट असावी म्हणणाऱ्या माणसाच्या मैदानांची ही अवस्था!

माझ्या विद्यार्थ्याचे खरे उत्तर मात्र न्यू ऑर्लिन्समध्ये सापडले. जोसेफ बार्थोलोम्यू हे तिथले कृष्णवर्णीय गृहस्थ. सात वर्षांचे असताना कॅडीचे काम करू लागले, पाहता पाहता उत्तम खेळू लागले, मग मैदानाची देखभाल शिकले. त्यांचा हात पाहून मेटेरी क्लबच्या सभासदांनी त्यांना आखणी शिकायला न्यूयॉर्कला पाठवले. परत येऊन १९२० च्या दशकात त्यांनी क्लबाचे मैदान उभे केले. लोकांनी वाहवा केली. आणि त्या मैदानावर त्यांना एक फेरीही खेळू दिली नाही, कारण कातडीचा रंग. पुढे त्यांनी शहरात आणखी मैदाने बांधली, तिथेही तेच. शेवटी १९५६ मध्ये पॉंचरट्रेन पार्क या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांनी आखलेले मैदान खुले झाले. तिथे मात्र ते खेळू शकले. १९७१ मध्ये ते वारले आणि १९७९ मध्ये त्या मैदानाला त्यांचे नाव दिले गेले.

रात्री पहारा, दिवसा मैदान

दुसरी गोष्ट ओहायो राज्यातली. विल्यम पॉवेल यांचे आजी-आजोबा गुलामीतून आलेले. लहानपणी कॅडी, मग विद्यापीठाच्या संघात खेळाडू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासोबत ते इंग्लंडमध्ये होते. तिथे आणि स्कॉटलंडमध्ये त्यांना कोणी अडवले नाही, मैदाने खुली होती. १९४६ मध्ये घरी परतले, तर ज्या देशासाठी वर्दी घातली त्याच देशातली मैदाने बंद. परतलेल्या सैनिकांसाठी असलेले कर्जही त्यांना नाकारण्यात आले.

तेव्हा त्यांनी ठरवले की मैदानच आपले करायचे. दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी भागीदारी केली, भावाने घर गहाण ठेवले आणि ईस्ट कँटनजवळ ७८ एकरांची एक जुनी डेअरीची जमीन घेतली. पॉवेल रात्री कारखान्यात पहारा देत आणि दिवसा दगड वेचत, जमीन सपाट करत, हाताने गवताचे बी पेरत. पत्नी मार्सेला खांद्याला खांदा लावून होत्या. १९४८ मध्ये नऊ होल खुले झाले. मैदानाचे नाव ठेवले क्लिअरव्ह्यू. सगळ्यांना प्रवेश, गोऱ्यांनाही. ज्याला अडवले गेले त्याने दुसऱ्याला अडवले नाही, हे मला फार मोठे वाटते. १९७८ मध्ये १८ होल पुरे झाले. आज ते अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

त्यांची मुलगी रेनी याच मैदानावर शिकली आणि १९६७ मध्ये महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये उतरली. २००८ मध्ये तिला सन्माननीय डॉक्टरेट मिळाली. कुठल्या विद्यापीठाची? सेंट अँड्र्यूजची. २०१५ मध्ये, त्याच गावातल्या जुन्या आर अँड ए क्लबाने शतकानुशतके पुरुषांपुरते ठेवलेले दार उघडल्यावर, ज्या पहिल्या महिलांना सन्माननीय सभासद केले त्यांत तीही होती. गायरानापासून निघालेली गोष्ट गायरानाशीच येऊन पोचली.

सरकारी मैदान आणि आपल्याकडचे

फाटक उघडे ठेवण्याचा आणखी एक मार्ग आहे, सार्वजनिक पैसा. न्यूयॉर्कजवळचे बेथपेज ब्लॅक हे राज्य सरकारच्या उद्यानातले मैदान. महामंदीत बेकारांना काम देण्याच्या योजनेतून ते बांधले आणि १९३६ मध्ये खुले केले. त्याच्या आखणीशी ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट आणि उद्यानाचे अधीक्षक जोसेफ बरबेक ही दोन नावे जोडलेली आहेत. सुरुवातीलाच पाटी आहे की हे मैदान फार अवघड आहे, निष्णातांनीच यावे. तरी लोक वाहनतळावर गाडीत रात्र काढून पहाटे रांग लावतात. प्लंबर, शिक्षक, बसचालक. २००२ मध्ये अमेरिकेची ओपन स्पर्धा याच सरकारी मैदानावर झाली.

आपल्याकडे हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वात जुना. दिल्लीच्या मैदानात तर जुने मकबरे उभे आहेत, खेळाडू त्यांच्या सावलीतून जातात. त्याच दिल्लीत कॅडी म्हणून शिकलेले अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. असे करणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. आणि एस. एस. पी. चौरसिया, ज्यांचे वडील कोलकात्याच्या मैदानाचे गवत राखायचे, त्यांनी २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली. त्यांना खेळात कोणी खास बोलावून आणले नव्हते. ते कामगारांच्या दारानेच आत आले होते.

यंदा तो मुलगा नववीत आहे. परवा त्याला मधल्या सुट्टीत बोलावले आणि सांगितले, “तुझ्या सवालाचे उत्तर आहे, पण लांब आहे.” टॉम मॉरिस सांगितले, बार्थोलोम्यू सांगितले, पॉवेल सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “सर, म्हणजे जमीन कोणाची आहे त्यावर आहे सगळं.”

मी ४० मिनिटांच्या तासात जे सांगू शकलो नसतो, ते त्याने एका वाक्यात सांगितले. मागच्या वर्षीच्या त्या निबंधाला मी दहापैकी सहा गुण दिले होते. आता वाटते, कमीच दिले.